बिशपचे सदतीस आजार

आमचा बिशप खच्ची केलेला घोडा होता. तरीही कागदोपत्री त्याची तीन बाळंतपणं झाली होती आणि तिन्ही वेळा त्याला वासरूच झालं होतं. एकदा त्याची कास सुजली होती. एका फेब्रुवारीत शर्यतीत धावताना त्याच्या मागच्या पायाची शीर आखडली होती. त्याला एकूण दोनदा खच्ची करण्यात आलं होतं, पैकी दुसऱ्यांदा पहिल्या बाळंतपणानंतर. हे सगळं मला १९९२ सालच्या मे महिन्यात, एका सोमवारी, विमा कंपनीच्या पत्रातून कळलं. तोवर माझी समजूत होती की हा घोडा माझ्या चांगल्या ओळखीचा आहे.

नाव आमच्या मुलीने, नुआलाने ठेवलेलं. पांढरंशुभ्र, गरगरीत पोटाचं, आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या कॉनेमाराचं तट्टू, आणि चालायचं असं की जणू रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं गुडघे टेकून बसली आहेत. नुआला नर्स होऊन बॉस्टनला गेली, घोडा आमच्याकडे राहिला. डॉनल, माझा नवरा, कौंटी कौन्सिलात पाण्याच्या पाइपांच्या खात्यात कारकून होता. घोड्याला तो घाबरायचा, पण कबूल करायचा नाही. "मला केसांची अॅलर्जी आहे," म्हणायचा, आणि गोठ्यापासून वीस पावलांवर उभा राहून मला सूचना द्यायचा. शनिवारी मी बिशपला छोट्या गाडीला जुंपून बाजाराला जाई. त्या काळात आमच्या गावात घोडागाडीने बाजाराला जाणारी मी एकटीच उरले होते. लोक हसत, पण पाऊस नसेल तर परतताना हेच लोक माझ्या गाडीत बटाट्याची पोती ठेवत.

त्या वसंतात बिशपच्या डाव्या डोळ्यातून पाणी यायला लागलं. कोपऱ्यातून एक गुलाबी गाठ डोकावत होती, वाटाण्याएवढी, आणि तिच्यामुळे अर्धा डोळा झाकला जाई. आमचे जनावरांचे डॉक्टर मिस्टर टिअर्नी यांनी डब्लिनजवळच्या घोड्यांच्या हॉस्पिटलात पाठवलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पापणी उलटी करून पाहिली आणि विचारलं, "कधीपासून आहे हे?"

"या वसंतापासून," मी म्हणाले.

त्यांचा चेहरा पडला. तीन महिन्यांत एवढी वाढली असेल तर गाठ वाईट आहे, म्हणाल्या. डोळा तर काढावाच लागेल, आजूबाजूचं मांसही खोलवर काढावं लागेल. महिन्याच्या आत करायला हवं, नाहीतर गाठ मेंदूकडे जाईल आणि घोडा वाचणार नाही. खर्च ऐकून डॉनल मटकन खाली बसला. तिथे खुर्ची होती हे नशीब.

पण आमच्याकडे विमा होता! सप्टेंबर १९८९ मध्ये कृषी प्रदर्शनात एका टायवाल्या तरुणाने डॉनलला तो विकला होता आणि आयुष्यात आपण केलेली दूरदृष्टीची एकमेव गोष्ट म्हणून डॉनल त्याचा उल्लेख सणासुदीला करत असे. क्लेमचा फॉर्म आला. सहा पानं. चौदावा प्रश्न असा: 'जनावराचे आजवरचे सर्व आजार, इजा व उपचार तारखांसह नमूद करा.'

आमच्या गल्लीत कोणी फॉर्म भरायला घेतला की शेजारी मयताला जमावं तसे जमतात. फिन्टन स्कली, समोरचा, पाच गाईंचा मालक, म्हणाला, "कमी लिही, ईटा. जितकं कमी लिहिशील तितकं कमी वाचतील."

"अजिबात नाही," डिम्पना गॉरी म्हणाली. ही पलीकडची विधवा, प्रिन्सेस नावाच्या गाढवीची मालकीण. "भरपूर लिही. चार पानं झाली की कंटाळतात आणि शिक्का मारतात. माझ्या थोरल्याची पेन्शन मी अशीच काढली."

मी फिन्टनचं ऐकलं, त्यात लिहायचे कष्ट कमी होते म्हणून. लिहिलं: 'प्रकृती उत्तम. १९८८ मध्ये एकदा खोकला.' आणि खाली वळणदार सही केली. तेव्हा माझं अक्षर फार सुंदर होतं.

कंपनीने टिअर्नींकडून बिशपची सगळी नोंद मागवली. मग ते सोमवारचं पत्र आलं. भाषा सभ्य होती, त्यामुळे जास्तच लागली. 'आपण एका खोकल्याचा उल्लेख केला आहे. आपल्या पशुवैद्याच्या नोंदीत सदतीस आजार आहेत. त्यांपैकी काही या जनावराच्या लिंगाशी सुसंगत नाहीत. पुढील शुक्रवारी आमचे निरीक्षक मिस्टर हॅल्पिन आपल्या घरी येतील. तोवर मंजुरी स्थगित.' ऑपरेशन त्याच्या पुढच्या मंगळवारी होतं.

पत्र वाचून मला घोड्याची नव्हे, माझीच लाज वाटली. सदतीस आजार लपवणारी बाई! पोस्टमननेही माझ्याकडे बघून मान हलवली. बंद पाकिटातलं पत्र त्याला कसं कळलं, कोण जाणे.

मग नोंदीची झेरॉक्स पुढ्यात घेऊन बसले आणि हळूहळू उजेड पडला.

आमच्या गल्लीत खूप वर्षं एकच टेलिफोन होता, आमच्याकडचा. कोणाचंही जनावर आजारी पडलं की माणूस आमच्या स्वयंपाकघरात येऊन टिअर्नींना फोन करायचा. टिअर्नींची घरी यायची फी एका घरासाठी एकदाच असे, मग आल्यावर त्यांनी कितीही जनावरं पाहिली तरी. तेव्हा शहाणपणाची पद्धत अशी पडली की फोन आमच्या नावावर, बिशपच्या नावावर करायचा. टिअर्नी आले की आधी बिशपच्या मानेवर हात फिरवायचे, आणि मग कुंपणावरून एकेक जण म्हणायचा, "आता आलाच आहात तर..." त्या एका फेरीत गाय, गाढव, कुत्रा, कधी एखादी मेंढीसुद्धा उरकायची. फी सगळे वाटून घ्यायचे. पुढे घरोघर टेलिफोन आले, पण पद्धत गेली नाही. चांगली पद्धत कोण मोडतो?

मी तशीच टिअर्नींच्या घरी गेले. त्यांची बायको ऊना जनावरांच्या नोंदींची सगळी कार्डं बुटांच्या खोक्यात ठेवायची.

"ऊना, अगं घोड्याला वासरू?"

"फोन बिशपचा होता," ऊना शांतपणे म्हणाली. "संध्याकाळी हे घरी येऊन सांगायचे, आज वासरू ओढून काढलं. मी बिशपच्या कार्डावर लिहायची."

"तुला काही वाटलं नाही?"

"मी लिहिते, ईटा. मी तपासत नाही."

टिअर्नी मागे उभे होते. भला माणूस, पण कोणाचं जनावर होतं हे त्यांना कधीच आठवायचं नाही, फक्त आजार आठवायचा. म्हणाले, "नोंद मी बदलू शकत नाही, मिसेस कलिनन. खाडाखोड केली तर माझं लायसन्स जाईल. ज्याचं जनावर त्याने लिहून दिलं तर मात्र प्रश्न मिटेल."

डॉनलने ऑफिसच्या सवयीने एक मजकूर तयार केला: 'मी खाली सही करणार जाहीर करतो की नोंद क्रमांक अमुक ही माझ्या मालकीच्या तमुक जनावराची आहे.' पंचवीस प्रती काढल्या. मी त्या घेऊन गल्लीत निघाले. पंधरा मिनिटांचं काम, असं मला वाटलं होतं. आठवडा गेला.

फिन्टनने बाळंतपणं ताबडतोब स्वीकारली, तिन्ही. प्रत्येक वासराचं वर्णन केलं. खच्ची केल्याच्या दोन्ही नोंदीही त्याच्याच गोऱ्ह्यांच्या निघाल्या. पण कासेच्या सुजेपाशी त्याने पेन खाली ठेवलं.

"ही माझी नाही."

"फिन्टन, गल्लीत गाई फक्त तुझ्याकडे आहेत."

"असतील. पण कास सुजलेली नव्हती."

"मग कोणाची सुजली होती? बिशपची?"

त्याने दार लावून घेतलं आणि आवाज खाली आणला. "त्या आठवड्यात गाईला औषधाची इंजेक्शनं चालू होती. आणि दूध मी... म्हणजे दूध वाया घालवणं माझ्या आईला आवडायचं नाही. हे डेअरीला कळलं तर? ईटा, माझ्या त्या गाईला कासच नव्हती असं समज."

डिम्पनाकडे वेगळीच तऱ्हा. 'अति खाण्यामुळे खुरांना आतून सूज. आहार निम्मा करा.' ही नोंद चार वेळा होती. प्रिन्सेस म्हणजे गाढवाच्या कातड्यात भरलेलं पिंप; पण आमच्या चर्चच्या जत्रेत 'सर्वोत्तम निगा राखलेलं गाढव' हे बक्षीस तिला लागोपाठ तीन वर्षं मिळालं होतं.

"अति खाणं?" डिम्पना म्हणाली. "माझी प्रिन्सेस खात नाही गं. चाखते."

"डिम्पना, तुझ्या खिडकीतून आत्ता ती तुझा पडदा चाखतेय."

आणि शर्यतीची शीर! गल्लीच्या टोकाला फादर लॅव्हेल राहत, त्यांच्याकडे शर्यतीचा एखादा कुत्रा कायम असे, हे सगळ्यांना माहीत होतं. पण ऐंशी साली ईस्टरआधीच्या उपवासाच्या सुरुवातीला त्यांनी वेदीवरून जाहीर केलं होतं की यंदा चाळीस दिवस मी कुत्र्यांच्या शर्यतीचा त्याग करतोय. लोकांनी त्यामुळे बिअर सोडली होती. नोंदीची तारीख त्याच चाळीस दिवसांतली होती.

"फादर, त्या संध्याकाळी तुम्ही आजाऱ्याला भेटायला गेला होता, असं तुमच्याकडे घरकाम करणाऱ्या बाईने सांगितलं होतं."

"खोटं नाही ते," फादर गंभीरपणे म्हणाले. "शर्यत संपली तेव्हा तो आजारीच होता."

मी प्रत्येकाकडे तीन-तीन खेपा घातल्या. कितीतरी चहा प्याले. माझं म्हणणं एकच होतं: तुमची लाज राहील आणि माझा घोडा जाईल. शेवटी तोडगा डिम्पनाने काढला. प्रत्येकाने आपापली कबुली बंद पाकिटात द्यायची, पाकीट फक्त विम्याच्या माणसाने उघडायचं, शेजाऱ्यांना काही कळायचं नाही. बुधवारी तिन्ही पाकिटं माझ्या कपाटात होती. खोकल्यासकट किरकोळ दुखणी बिशपची स्वतःची होती, ती मी माझ्या यादीत घेतली. छत्तीस आजार वाटले गेले.

एक उरला. '१४ जून १९८९. डावा डोळा. आतल्या कोपऱ्यातल्या तिसऱ्या पापणीवर गुलाबी गाठ, जवाच्या दाण्याएवढी. लक्ष ठेवा.'

फिन्टन म्हणाला, माझा नाही. डिम्पना म्हणाली, माझा नाही. फादर म्हणाले, कुत्र्याचे डोळे देवदयेने उत्तम, तो फक्त पायांनी हरतो. गुरुवारी सकाळी मी रूबार्बच्या आंबट देठांचा पाय, म्हणजे ओव्हनमध्ये भाजायची मोठी गोड कचोरीच, लाटत होते आणि एकदम हात थांबला. तो जूनही रूबार्बच्याच दिवसांतला होता. टिअर्नी फिन्टनच्या गाईसाठी आले होते, मी कुंपणापाशी त्यांना पायचा तुकडा द्यायला गेले होते आणि मीच म्हणाले होते, "आता आलाच आहात तर बिशपच्या डोळ्यात काय गेलंय बघा ना." त्यांनी पापणी उचलली. "जवाचा दाणा," म्हणाले, "लक्ष ठेवा." मी म्हटलं, "आणखी एक तुकडा घ्या." त्यांनी घेतला. लक्ष मी पायवर ठेवलं.

विमा सप्टेंबरचा. डोळा जूनचा.

संध्याकाळी डॉनलला सांगितलं. त्याने कागद काढून बारीक अक्षरातली अट वाचली, दोनदा. विमा घेण्याआधीच्या आजाराला पैसे नाहीत.

"हे कोणाला माहीत आहे?" त्याने विचारलं.

"मला."

"टिअर्नींना?"

"त्यांना आजार आठवतो, जनावर आठवत नाही."

डॉनलने कागदाची घडी घालून ठेवली. मग तो बाहेर गेला, आणि आयुष्यात पहिल्यांदा गोठ्याच्या दहा पावलांपर्यंत जाऊन उभा राहिला. येताना कुंपणावरून फिन्टनशी बोलला असावा. कारण शुक्रवारी मिस्टर हॅल्पिन आले तेव्हा माझ्या स्वयंपाकघरात सगळी गल्ली आधीच बसली होती.

हॅल्पिन बुटका, सर्दी झालेला माणूस होता. त्यांनी पाकिटं पुढे ओढली, पहिलं फोडलं आणि मला काही सुचायच्या आत मोठ्याने वाचलं. "'कासेची सूज माझ्या गाईची असून त्या आठवड्याचं दूध मी नेहमीप्रमाणे विकलं.' सही, फिन्टन स्कली."

"नेहमीप्रमाणे?" फादर म्हणाले. "फिन्टन, माझ्याकडे दूध तुझंच येतं!"

"तुम्हाला काही झालं का, फादर?" फिन्टन कुरकुरला. "उलट त्या वर्षी तुमचा खोकला गेला."

हॅल्पिनसाहेबांनी दुसरं पाकीट फोडलं. "'शर्यत, २९ फेब्रुवारी...'"

"उपवासात?" डिम्पना उभी राहिली. "फादर! मी त्या वर्षी साखर सोडली होती!"

"आणि प्रिन्सेसला दिली होती," तिसरं पाकीट वाचत हॅल्पिन म्हणाले. "इथे तसंच लिहिलंय."

 एकवीस वर्षांचा शेजार त्या टेबलावर उघडा पडला होता, आणि तिघंही माझ्याकडे बघत नव्हते. मला त्याचं जास्त वाईट वाटलं.

"आता हा शेवटचा," हॅल्पिन म्हणाले. "जून एकोणनव्वद. डावा डोळा. हा कोणाचा?"

"माझ्या गाईचा," फिन्टन ताडकन म्हणाला.

मी त्याच्याकडे पाहतच राहिले.

"कुठे आहे ती गाय?"

"विकली. खाटकाला."

"डोळ्यासकट?"

"त्याने वेगळा भाव लावला नाही."

"काहीतरीच सांगतोय हा," डिम्पना म्हणाली. "तो डोळा माझ्या प्रिन्सेसचा. मीच टिअर्नींना बोलावलं होतं."

"मग आता गाठ कुठे आहे?"

"बरी झाली. नवस बोलले होते."

"गाठ एक आणि मालक दोन," हॅल्पिन नाक पुसत म्हणाले. "फादर, तुमचं काही?"

फादर लॅव्हेल यांनी छताकडे पाहिलं. "माझ्या कुत्र्याला डावा डोळा आहे," ते सावकाश म्हणाले. "एवढं मी शपथेवर सांगू शकतो."

आठवडाभर ज्यांच्याकडून त्यांचे स्वतःचे आजार वदवून घेताना माझी जीभ झिजली होती, ती माणसं आता माझ्या घोड्याच्या आजारावर तुटून पडली होती. मी गप्प बसले असते तर चाललं असतं. हॅल्पिन गाय तरी कुठे शोधणार होते? माझा विवेक जागा झाला, असं लिहायला मला आवडेल. पण खरं असं की या सगळ्यांना मीच खरं लिहायला लावलं होतं, घरोघर जाऊन, मान ताठ ठेवून. आणि आता एकटी मीच झाकलेली होते.

"तो डोळा बिशपचा आहे," मी म्हणाले. "मीच दाखवला होता, आणि मीच विसरले."

"अगं गप्प बस, बये!" डिम्पना ओरडली.

हॅल्पिननी पेनाचं टोपण लावलं. "मग क्लेम बसत नाही, मिसेस कलिनन. मला वाईट वाटतं." वाटतही असावं, कारण मी पुढे केलेला रूबार्बचा पाय त्यांनी घेतला नाही.

शनिवार-रविवार पैशांचा हिशेब मांडण्यात गेले. डॉनलने बँकेत जायचा कोट ब्रश करून खुर्चीवर टाकून ठेवला. सोमवारी मी हॉस्पिटलला फोन केला. मंजुरी मिळाली नाही, पैशांची सोय होईपर्यंत तारीख पुढे जाईल का, असं विचारायचं होतं. डॉक्टरीणबाई स्वतः फोनवर आल्या. मंजुरी का नाही, असं त्यांनी विचारलं. मी जवाच्या दाण्यापासून सगळं सांगितलं.

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

"जून एकोणनव्वद? लेखी आहे?"

"ऊना टिअर्नीच्या अक्षरात."

"आणि मला तुम्ही वसंतापासून म्हणालात!" मग त्यांनी मला जे झापलं तसं शाळेनंतर कोणी झापलं नव्हतं. "अहो बाई, तीन महिन्यांत वाटाण्याएवढी झालेली गाठ आणि तीन वर्षांत वाटाण्याएवढी झालेली गाठ, यात जमीनअस्मानाचा फरक आहे! मी त्या बिचाऱ्याचा चांगला डोळा काढून टाकला असता! हा इतिहास काय फक्त विम्यासाठी असतो?"

मला तोवर खरोखरच तसं वाटत होतं.

मग सगळं फार साधेपणाने झालं. इतक्या हळू वाढणाऱ्या गाठीला, घोड्याला असते ती आतली तिसरी पापणी काढली तरी पुरे होतं. त्याला हॉस्पिटल नको, भूल नको. गुंगीच्या इंजेक्शनवर घोडा उभ्याउभ्या, आमच्याच अंगणात. गुरुवारी टिअर्नींनी ते वीस मिनिटांत केलं. फिन्टनने डोकं धरलं, डिम्पनाने बादली, फादरनी जपमाळ. डॉनलने शेपटीकडची बाजू घेतली आणि एकदाही शिंकला नाही. गाठ बाटलीत घालून तपासायला गेली. दहा दिवसांनी निरोप आला, कडा स्वच्छ आहेत, म्हणजे डोळ्यात मागे काही उरलेलं नाही. त्याच टपालाने विमा कंपनीचं पत्र आलं: पॉलिसी चालू राहील, डावा डोळा वगळून. डॉनलने ती रद्द केली आणि त्यानंतर दूरदृष्टीचा विषय कधी काढला नाही.

पट्टी काढायच्या दिवशी सगळे पुन्हा जमले. डोळा लालसर होता, पण पूर्ण उघडा. दिसतंय की नाही हे कसं ठरवायचं? घोडा काही अक्षरं वाचून दाखवत नाही. टिअर्नींनी बिशपच्या उजव्या डोळ्यावर तळहात दाबून धरला आणि म्हणाले, "जरा थांबू या."

आम्ही थांबलो. डाव्या हाताला फिन्टन उभा होता. काळजीने त्याला भूक लागायची. त्याने खिशातून हॅमचं सँडविच काढलं आणि बोलता बोलता ते हातात धरून हलवायला लागला. "मला विचाराल तर, पहिले दोन महिने त्याला त्या बाजूने काही म्हणजे काही..."

बिशपने मान सावकाश डावीकडे वळवली, सँडविच फिन्टनच्या बोटांना धक्काही न लावता अलगद उचललं, हॅम खाली टाकलं आणि पाव चावायला लागला.

टिअर्नींनी उजव्या डोळ्यावरचा हात काढला. "दिसतंय," ते म्हणाले.